आतला आवाज आणि बाहेरची बातमी

सुरतेच्या आमलीरान भागात कवी नर्मदचे घर अजून उभे आहे. ‘सरस्वती मंदिर’ हे त्याचे नाव. ज्या दिवसाची गोष्ट गुजराती मुलांना शाळेत सांगतात, तो दिवस मात्र मुंबईतला आहे. २३ नोव्हेंबर १८५८ रोजी पंचवीस वर्षांचे नर्मदाशंकर लालशंकर दवे मास्तरकी सोडून घरी आले. लेखणीकडे पाहताना त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी स्वतःला तिच्या पदरात टाकले. यापुढे जगायचे ते लिहिण्यावरच, दुसऱ्याची चाकरी करायची नाही. ‘मारी हकीकत’ या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग स्वतःच नोंदवला आहे.

हा पण त्यांनी चोवीस वर्षे पाळला. १८६४ मध्ये ‘डांडियो’ पाक्षिक काढले, एकट्याच्या बळावर ‘नर्मकोश’ हा शब्दकोश पुरा केला, विधवाविवाहावर लिहिले आणि स्वतः विधवेशी लग्नही केले. घरात पैशाची ओढाताण कायमचीच होती. १८८२ मध्ये त्यांना पुन्हा नोकरी धरावी लागली आणि १८८६ मध्ये ते गेले.

मग त्या दिवशी मनाने दिलेला कौल बरोबर होता की चुकीचा? सुरतेत हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे. बहुतेक जण क्षणभर थांबतात आणि म्हणतात, बरोबरच होता, त्याशिवाय नर्मद कसा झाला असता? पण हेच लोक स्वतःच्या मुलाने उद्या नोकरी सोडली तर रात्रभर झोपणार नाहीत. मला या दोन्ही उत्तरांत खोटेपणा दिसत नाही. आतल्या आवाजावर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न असाच दोन्ही बाजूंनी खरा आहे, आणि म्हणूनच त्याचा नीट आढावा घ्यावासा वाटतो.

मी हे सुरतेच्या लिंबायतमध्ये बसून लिहितो आहे. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत फिरले की कानावर मराठी पडते, आणि त्यातही अहिराणी जास्त. ही सगळी माणसे कधी ना कधी तापी खोऱ्याच्या रेल्वेने जळगाव, अमळनेर, नंदुरबारकडून इथे उतरली. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या वर्षी माझे वडीलही असेच उतरले. जायचे की राहायचे, हे या वस्तीतल्या प्रत्येक घराने एकदा तरी ठरवलेले आहे. ते कशाच्या भरवशावर ठरवले, हे विचारले की उत्तर जवळपास एकच येते, ‘मनाने घेतलं.’

आपल्या भाषेत या गोष्टीला शब्द पुष्कळ आहेत. मन घेते, मन घेत नाही, मन धजत नाही, मनात पाल चुकचुकते, मन कौल देते. यातला ‘कौल’ देवळातून आलेला. कोकणात आजही देवाच्या पाषाणावर फुले किंवा पाकळ्या लावून गाऱ्हाणे घालतात. कोणत्या बाजूचे फूल आधी पडते, त्यावरून होकार की नकार ते कळते. म्हणजे आपण ज्याला मनाचा कौल म्हणतो, तो मुळात मनाबाहेरच्या कुणीतरी दिलेला निकाल होता. भाषेने तो हळूहळू आत नेला.

जुन्या शास्त्रांनीही आतल्या साक्षीला जागा दिली, पण तोलून मापून. मनुस्मृतीत धर्माची प्रमाणे सांगताना वेद, स्मृती आणि सदाचार यांच्यानंतर शेवटी ‘आत्मतुष्टी’ येते. कालिदासाचा दुष्यंत जास्त धीट आहे. शकुंतलेकडे मन ओढले गेले, तेव्हा संशयाच्या जागी सज्जनाच्या अंतःकरणाची ओढ हेच प्रमाण, असे तो स्वतःला सांगतो. हे वचन लोक मोठ्या आवडीने वापरतात. पुढचे मात्र विसरतात. हाच राजा शापाच्या प्रभावाखाली भर दरबारात तिला ओळखत नाही, आणि त्या घडीला त्याचे अंतःकरण प्रमाण म्हणून काही बोलत नाही. ओळख पटते ती अंगठीने. अंगठी म्हणजे बाहेरून आलेला पुरावा. मला हे नाटक आतल्या आवाजाची महती आणि मर्यादा दोन्ही सांगणारे वाटते.

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० आठवतात. त्या अंगाने पाहिले तरी हाच धागा सापडतो. जिंजीला लिहिलेल्या सभासद बखरीत अफझलखानाच्या प्रसंगी भवानीने शिवाजीराजांना दर्शन देऊन धीर दिल्याची हकिकत आहे. त्याच बखरीत सुरतेची खबर मात्र बहिर्जी आणतो: तिथे किती द्रव्य मिळेल, ते सांगणारा जासूद. देवीचा शब्द आणि हेराची बातमी बखरकाराच्या मनात एकमेकांच्या आड येत नाहीत. पहिल्याने हिंमत येते आणि दुसऱ्याने वाट कळते. आतल्या आवाजावर आज जे भाबडे बोलले जाते, त्यात हा बहिर्जीच गाळलेला असतो.

पण सुरतेशी जोडलेली सर्वांत विलक्षण गोष्ट १९०७ च्या डिसेंबरातली आहे आणि तिच्यात एक मराठी माणूस मधोमध आहे. काँग्रेसचे अधिवेशन नागपूरहून हलवून सुरतेला आणले होते. तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमधल्या मंडपात २७ डिसेंबरला टिळक बोलायला व्यासपीठावर उभे राहिले, गोंधळ माजला, एक मराठी जोडा भिरभिरत येऊन सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला, खुर्च्या उडाल्या आणि काँग्रेस फुटली. फूट पडण्याला कारण झालेला हुकूम आपणच दिला आणि तोही टिळकांना न विचारता, असे पुढे अरविंद घोष यांनी लिहून ठेवले. त्या वेळी ते पस्तीस वर्षांचे होते.

हे सगळे करून अरविंद सुरतेहून बडोद्याला गेले. बडोदा त्यांचे जुने गाव होते. १८९३ पासून बारा-तेरा वर्षे त्यांनी तिथे सयाजीरावांच्या नोकरीत काढली होती आणि खासेराव व माधवराव जाधव हे त्यांचे जिवलग होते. धाकटा भाऊ बारीन याने तार करून विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याला बोलावून घेतले. लेले आणि अरविंद एका वाड्यात तीन दिवस बसले. लेल्यांनी शिकवलेली गोष्ट सांगायला अगदी साधी होती. विचार आपल्या आत निपजत नाहीत, ते बाहेरून येतात. ते येताना पाहा आणि आत शिरायच्या आधीच परतवा. तीन दिवसांत मन निःशब्द झाले, असे अरविंदांचे सांगणे आहे.

पुढे अडचण आली. जानेवारी १९०८ मध्ये मुंबईला भाषण ठरलेले आणि डोक्यात एकही विचार नाही. अरविंदांनी लेल्यांना विचारले. लेले म्हणाले, सभेला नमस्कार करा आणि थांबा, भाषण येईल. ते तसेच केले आणि भाषण आले. त्यानंतरची आपली भाषणे आणि लेखन याच रीतीने होत गेले, असे ते सांगत. निरोप घेताना लेल्यांनी त्यांना विचारले की आतल्या मार्गदर्शकाच्या हाती स्वतःला पूर्ण सोपवता येईल का. येत असेल तर माझ्याही सूचनांची गरज नाही.

थोड्याच दिवसांत लेले कलकत्त्याला गेले. अरविंद ठरल्या वेळी ध्यानाला बसत नाहीत असे कळताच ते घाबरले, आणि तुमच्यावर असुराने कब्जा केला आहे, असे त्यांनी सांगून टाकले. ज्याने आतल्या आवाजाची वाट दाखवली, त्याच गुरूला शिष्याच्या आतला आवाज सैतानाचा वाटला. अरविंद तरीही आपल्या वाटेने गेले. १९१० च्या फेब्रुवारीत अटकेची बातमी आली, तेव्हा चंद्रनगरला जाण्याचा आदेश मिळाला आणि दहाएक मिनिटांत ते नदीकडे निघाले. नंतर आणखी एक आदेश झाला आणि ४ एप्रिलला ते पाँडिचेरीत उतरले. उरलेली चाळीस वर्षे त्यांनी तिथेच काढली.

या कथेपुढे मी नम्र होतो, पण तिचा सरसकट नियम करायला मन तयार होत नाही. खुद्द अरविंदांनीच तो केला नाही. साधकांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी एका ‘मधल्या प्रदेशा’बद्दल वारंवार बजावले आहे. तिथे अनेक आवाज येतात, प्रत्येक आवाज देवाचाच वाटतो आणि अहंकार त्याला टाळ्या वाजवतो. आवाज ऐकू येणे ही सोपी गोष्ट, तो कुणाचा आहे हे ओळखणे अवघड, हे त्यांच्याइतक्या स्पष्टपणे फार थोड्यांनी सांगितले आहे.

गांधीजींचेही असेच आहे. १९१९ च्या मार्चमध्ये मद्रासला पहाटेच्या अर्धवट झोपेत त्यांना देशभर हरताळाची कल्पना सुचली. जणू स्वप्नातच, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. हरताळ झाला, पाठोपाठ सत्याग्रह आणि हिंसाही झाली. लोकांची तयारी नसताना कायदेभंग पुकारणे ही हिमालयाएवढी चूक होती, असे त्यांनी नडियादच्या भाषणात मान्य केले. त्यांची हीच कबुली मला त्यांच्या आतल्या आवाजापेक्षा मोठी वाटते.

अकरा वर्षांनी सुरत जिल्ह्यातच दुसरी गोष्ट घडली. दांडी आज नवसारी जिल्ह्यात आहे, तेव्हा ती सुरत जिल्ह्यात होती. १९३० च्या जानेवारीत रवींद्रनाथ साबरमतीला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना सांगितले होते की रात्रंदिवस विचार करतो आहे, अजून उजेड दिसत नाही. आठवड्यांमागून आठवडे ते थांबले. मग मीठ सुचले. १२ मार्चला ७८ जणांसह ते निघाले आणि सुरतेवरून ५ एप्रिलला दांडीला पोचले. या पदयात्रेच्या पुढे गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची ‘अरुण टुकडी’ गावोगाव जाऊन माहिती गोळा करत होती: लोकसंख्या किती, जमीनमहसूल किती, सूतकताई किती. वल्लभभाई आधीच तयारीला निघाले होते आणि ७ मार्चला रास गावी पकडले गेले होते. पहाटेच्या झोपेत आलेल्या हाकेने १९१९ घडवले. थांबून ऐकलेल्या आणि जिच्यापुढे बातमीदार धावत होते, त्या हाकेने १९३० घडवले. दोन्ही एकाच माणसाच्या आतून आल्या.

आता सुरतेच्या महिधरपुऱ्यात जाऊ. विज्ञानाने या विषयाबद्दल जे शोधले, ते समजून घ्यायला हिरेबाजारासारखी जागा नाही. जगात पैलू पाडले जाणारे दहातले नऊ हिरे या शहरातून जातात, असे सर्रास म्हटले जाते. महिधरपुऱ्यात आणि वराछाच्या मिनी बाजारात लोक भर रस्त्यात कागदाची पुडी उघडून चिमट्याने हिरा उचलतात, डोळ्याला भिंग लावतात, आणि काही क्षणांत आकडा सांगतात. कसे ओळखले, असे विचारले तर ‘नजर’ एवढेच उत्तर मिळते. ही नजर म्हणजे दैवी देणगी आहे का?

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्र-मानसशास्त्राच्या जाणकाराने यावर फार सरळ उत्तर दिले होते: अंतःप्रेरणा म्हणजे ओळखणे, त्याहून जास्त काही नाही. हजारो वेळा पाहिलेले चिन्ह पुन्हा दिसले की स्मृती विचाराच्या आधी बोलते. गॅरी क्लाइन यांनी आग विझवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातला एक प्रसंग पुष्कळांना माहीत आहे. क्लीव्हलंडमधल्या एका घरात स्वयंपाकघराला आग लागली होती. पाणी मारूनही ती हटत नव्हती, खोली फार तापली होती आणि आवाज मात्र कमी होता. अधिकाऱ्याने कारण न कळताच जवानांना बाहेर काढले आणि पुढच्या क्षणी जमीन खचली, कारण आग तळघरात होती. त्याला ते अतींद्रिय ज्ञान वाटले. क्लाइन यांनी दाखवून दिले की खोलीचा ताप आणि शांतता त्याच्या ओळखीच्या कुठल्याच आगीशी जुळत नव्हती आणि तेच त्याच्या मनात चुकचुकले.

डॅनियल काहनमन यांचा अंतःप्रेरणेवर भरवसा कमी होता. क्लाइन आणि काहनमन या दोघांनी बरीच वर्षे वाद घातला आणि २००९ मध्ये मिळून एक निबंध लिहिला. त्यातली सहमती मला या सगळ्या विषयातली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते. नजरेवर विसंबायचे तर दोन अटी हव्यात. ज्या क्षेत्रात निर्णय घ्यायचा, तिथे काही नियम टिकून असला पाहिजे, आणि आपला अंदाज खरा ठरला की खोटा, हे लवकर आणि पुन्हा पुन्हा कळले पाहिजे. हिरे तपासणाऱ्याला दोन्ही मिळते. उत्तरेच्या प्रकाशात त्याने रंग ठरवला, दगड प्रमाणपत्राला गेला, काही दिवसांत निकाल आला. अशी हजारो वेळा पडताळणी झाली की नजर पक्की होते.

आणि तरीही ती दगा देऊ शकते. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा आता सुरतेतच तयार होतो. तो कार्बनचाच, खाणीतल्या हिऱ्यासारखाच, आणि भिंगातून पाहून दोघांत फरक करता येत नाही. त्यासाठी यंत्र लागते. तीस-तीस वर्षे पैलू पाडायच्या घंटीवर बसलेल्या किंवा पुड्या उघडलेल्या माणसाची नजर या एका प्रश्नापुढे अचानक मुकी झाली. नजर तीच राहिली, जग बदलले. अनुभवी माणसाला आतून येणारी खात्री नेहमी कालच्या जगाबद्दल असते.

म्हणून भावना बाजूला सारून थंड डोक्याने हिशेब करावा, असे म्हणावे तर तेही जमत नाही. न्यूरोलॉजिस्ट अँटोनियो दामासियो यांनी मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांबद्दल लिहिले. त्यांची बुद्धी शाबूत होती, पण भावना विझली होती. अशा एका रुग्णाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखांपैकी एक निवडायला सांगितले, तर तो अर्धा तास दोन्हींचे फायदे-तोटे मांडत बसला. त्यांतली दुसरी तारीख ठरवू, असे डॉक्टरांनी सुचवताच तो ठीक म्हणाला आणि निघून गेला. आतून काहीच ढकलत नसेल तर हिशेब कधी संपतच नाही. टिमोथी विल्सन यांच्या प्रयोगातली गोष्टही याच्या जवळची आहे. विद्यार्थ्यांना घरी न्यायला एक भित्तिचित्र निवडायला सांगितले. काहींना आवडण्याची कारणे आधी लिहायला लावली. काही आठवड्यांनी कारणे लिहिणाऱ्यांचे समाधान कमी निघाले. शब्दांत मांडता येते तेवढेच त्यांनी निवडले होते.

आता आपल्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. गाव सोडणे, लग्न करणे, नोकरी सोडणे, आईवडिलांना जवळ आणणे. या निवडींत क्लाइन-काहनमन यांच्या दोन्ही अटी कोलमडतात. माणूस हजार लग्ने करून नजर तयार करत नाही. गाव सोडले नसते तर काय झाले असते, हे सांगणारे प्रमाणपत्र कुठल्या प्रयोगशाळेतून येत नाही. म्हणून अशा वेळी आतला आवाज भविष्य सांगतो आहे, असे मानणे मला धोक्याचे वाटते. तो एवढेच सांगू शकतो की आपण कशासाठी झिजायला तयार आहोत. नर्मदला त्या दिवशी कळले ते हेच असावे. लेखणीने घर चालेल, असे त्यांच्या आवाजाने कधीच सांगितले नव्हते.

शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांनी एक धाडसी प्रयोग केला. मोठ्या निर्णयावर अडकलेल्या माणसांसाठी त्यांनी संगणकावर नाणे उडवून दिले. वीस हजारांहून जास्त वेळा ते उडाले. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा बदल करणारे लोक न करणाऱ्यांपेक्षा जास्त समाधानी निघाले. हे वाचताना मला कोकणातला कौलच आठवला. पण एक लक्षात ठेवायला हवे. नाण्यापर्यंत आलेली माणसे आधीच उंबरठ्यावर उभी होती. ज्याच्या मनात प्रश्नच नव्हता तो नाणे उडवायला गेलाच नाही.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून हा आढावा प्रामाणिक होणार नाही. मन घेत नाही, असे सांगून आपण काय काय झाकतो? घर भाड्याने मागायला आलेल्या माणसाचे आडनाव ऐकून मन घेत नाही. मुलीने दुसऱ्या जातीतला मुलगा आणला की मनाला पटत नाही. तिथे बोलणारा आवाज आतला नसतो. शेकडो वर्षे कानावर पडलेला समाजाचा शब्दच आतून परत येतो, आणि तो आपलाच वाटतो म्हणून त्याच्याशी भांडणे फार कठीण जाते. नर्मदने विधवेशी लग्न केले, तेव्हा त्यांना बाहेरच्या लोकांइतकेच स्वतःच्या आत मुरलेल्या या आवाजाशीही लढावे लागले असेल. तसेच भीतीचे. घाबरलेल्याला सगळीकडे पाल चुकचुकताना ऐकू येते. मला आजवर एकच खूण उपयोगी पडली आहे: भीती घाई करते, आणि जे खरोखर आतून येते ते महिनाभर थांबवले तरी तिथेच असते. ही खूण प्रत्येक वेळी चालेल, असे मात्र मी म्हणणार नाही.

वडिलांच्या निर्णयाची गोष्ट घरात पुष्कळदा निघायची. विहीर आटली, गुरे विकली, आणि एके रात्री ओट्यावर बसले असताना मनाने घेतले की सुरत. ते ही गोष्ट सांगत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर देवळातून आल्यासारखे तेज यायचे. मी मोठा झालो, लूमच्या पगाराचे आकडे समजू लागलो, तेव्हा विचारले की मनाने घेतले खरे, पण सुरतच का? तेव्हा त्यांनी सांगितले की शेजारच्या गावचे दोघे आधी आले होते, दिवाळीला त्यांच्या अंगावर नवे कपडे होते आणि उधन्यात कामाला माणसे हवी आहेत, हे त्यांनी कानात सांगितले होते. बहिर्जी होताच तर.

हे सगळे मी आईला एकदा मोठ्या उत्साहाने समजावून सांगत होतो. शिवाजी महाराज, अरविंदबाबू, गांधीजी, नाणे, सगळे. ती तांदूळ निवडत होती. मी विचारले, त्या रात्री तुझ्या मनाने काय घेतले होते? तिने हातातला खडा बाजूला ठेवला.

“माले कोनी इचारं व्हतं?”

मी वही बंद केली आणि तिच्यासमोर बसलो. मग ती सांगू लागली.